५०० ग्रॅमचा ट्रिगर घरच्या घरी नीट कसा सेट करायचा

मागच्या वर्षी भाचीची मॅच होती, टेन मीटर एअर पिस्टल. मॅचच्या आधी पिस्टल चेकिंगला दिलं, टेबलावरच्या माणसानं पिस्टल उभं धरून ट्रिगरला वजन अडकवलं, उचललं आणि टक्क, सुटलं, म्हणजे ट्रिगर ५०० ग्रॅम पेलत नाही, नापास. परत केलं, परत सुटलं. तिसऱ्यांदा पण तेच. आणि मी आदल्या रात्री घरात स्प्रिंगच्या काट्यावर मोजून ५०५ ग्रॅम बघून निवांत झोपलेलो. तिथल्या तिथं घाईत स्क्रू फिरवला, तो नेमका दुसराच निघाला, वजन कसंबसं पास झालं पण सेकंड स्टेज, म्हणजे सुटायच्या आधी बोट जिथं अडतंय ती जागा, गायब झाली आणि पोरगीनं साठच्या साठ शॉट असल्या ट्रिगरवर मारले की जो कुठं सुटणार तेच तिला कळत नव्हतं. परत येताना गाडीत एक शब्द बोलली नाही. चूक माझी होती, म्हणून त्यानंतर बसून हे सगळं नीट शिकलो, आणि आता ज्यांची पोरं शिकताहेत त्यांच्यासाठी लिहितोय.

मी कोल्हापूरला उद्यमनगरात टूलरूममध्ये काम करतो, शूटर नाही. पण स्प्रिंग, खाच, क्लिअरन्स ही रोजचीच कामं, आणि ट्रिगर म्हणजे शेवटी तेच असतंय. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण जो येतो तो हेच विचारतो, "मामा, ट्रिगर हलका करून द्या की". हलका करायचा नसतोय. एअर पिस्टलला नियमानं कमीत कमी ५०० ग्रॅम लागतंय, त्याच्या खाली जाताच येत नाही, मग हलक्याचा विषयच संपला. आपल्याला पाहिजे तो ट्रिगर असा की पहिल्या शॉटला जसा सुटला तसाच साठाव्या शॉटला सुटला पाहिजे. पंचाहत्तर मिनिटं हात वर करून ११.५ एमएमच्या दहाच्या गोलात छर्रा घालायचा असतो, तिथं बोटाला माहीत नसलेली एक सुद्धा गोष्ट परवडत नाही.

अजून एक घोळ होतो तो आताच मिटवू. आपल्या राही सरनोबतनं २०१८ च्या एशियन गेम्समध्ये गोल्ड घेतलं ते पंचवीस मीटर पिस्टलमध्ये, त्याला १००० ग्रॅम लागतंय. दोन्ही इव्हेंट मारणारी पोरं एकाचा आकडा दुसऱ्याला लावतात. हितं खाली जे आहे ते फक्त टेन मीटर एअर पिस्टलचं, मेकॅनिकल ट्रिगरवालं, इलेक्ट्रॉनिक नव्हे.

आता वजन. स्प्रिंगचा काटा, सामान तोलायचा डिजिटल हुक, यातलं काही चालत नाही. बोटानं ओढताना थोडा जरी झटका बसला की काटा जास्त दाखवतोय, माझं तेच झालं. नियमात सरळ डेड वेट आहे, म्हणजे नुसतं लटकवायचं ठोस वजन, स्प्रिंग नको, रोलर नको, ट्रिगरवर बसणारी कडा धातूची नाहीतर रबराची सरळ धार पाहिजे. विकत मिळतंय, पण मी घरचंच केलं. ४० एमएमचा एमएस, म्हणजे साध्या लोखंडाचा, राऊंड बार, ५१ एमएम लांब कापला, वरच्या बाजूला मधोमध आटे पाडून हुक बसवला, आणि हुकाचं टोक चपटं करून त्याला सरळ धार दिली. एवढ्यानं हुकासकट पाचशेच्या थोडं वरच भरतंय, मग लेथवर खालच्या बाजूनं अगदी पातळ थर काढत काढत वजन खाली आणायचं. शेवटचं वजन कुठं करायचं, तर गुजरीत, सोनारांच्या बाजारात. ओळखीच्या सोनाराकडं गेलो, त्यानं सोन्याच्या काट्यावर ठेवलं, ५०१.३ आलं, परत वर्कशॉपला येऊन घासलं, परत गेलो, ५००.१. तो पण हसायला लागला पण काम पक्कं झालं. लेथ नसेल तर ओळखीच्या टर्नरला सांगा, दहा मिनिटाचं काम आहे.

त्याच्याबरोबर चार-पाच वॉशर तिथंच तोलून घ्या आणि प्रत्येकावर मार्करनं ग्रॅम लिहून ठेवा. हे वॉशर हुकात घालून आपल्याला कळतंय की पाचशेच्या वर नक्की किती ग्रॅमवर सुटतंय.

मोजायची पद्धत अशी. पिस्टल कॉक करायचं, म्हणजे ट्रिगर सुटायला तयार करायचा, नळी एकदम उभी, तोंड वर. वजन टेबलावर ठेवलेलं, त्याचा हुक ट्रिगरच्या मध्यावर लावायचा आणि पिस्टल हळू हळू वर उचलायचं, वजन टेबलावरून सुटून लटकलं पाहिजे आणि ट्रिगर सुटता कामा नये. मध्यावर म्हणजे मध्यावरच. हुक ट्रिगरच्या टोकाकडं सरकला की तरफ लांब होते आणि तोच ट्रिगर कमी वजनात सुटतोय, बुडाकडं सरकला की उलटं. मी ट्रिगरच्या पात्यावर मध्यावर पेन्सिलची बारीक रेघ मारतो, मोजून झालं की पुसतो. तीन चान्स असतात चेकिंगला, पण घरी दहापैकी दहा वेळा पास झालं तरच पास म्हणायचं. आणि मॅच झाल्यावर पण रँडम चेकिंग असतंय, तेव्हा वजन कमी भरलं तर थेट डिसक्वालिफाय, अख्खी मॅच गेली. म्हणून मी ५०० वर सेट करतच नाही. ५०० वर १० ग्रॅमचा वॉशर घालून सुद्धा उचललं गेलं पाहिजे, ५१५-५२० ला सुटलं तर बेस्ट. पंधरा-वीस ग्रॅमनं बोटाला काही फरक पडत नाही, झोप मात्र नीट लागते.

स्क्रूला हात लावायच्या आधी. छर्रे खोलीतच ठेवायचे नाहीत, डबी बाहेर. ब्रीच, म्हणजे छर्रा भरायची जागा, उघडून बघायचं, नळीतनं फ्लॅगची, म्हणजे नळी रिकामी आहे हे दाखवणारी, दोरी आरपार घालून बघायचं, हवेचा सिलेंडर काढता येत असेल आणि तुमच्या मॉडेलला त्याशिवाय ड्राय फायर, म्हणजे छर्रा न घालता नुसता ट्रिगर मारणं, होत असेल तर काढायचाच. बहुतेक सगळ्या मॅच पिस्टलना ड्राय फायरची सोय असते, हवा न सुटता फक्त ट्रिगर कॉक होतोय, ती लावायची. नळी कायम रिकाम्या भिंतीकडं. घरात लहान पोरं फिरत असतील तर दार लावून घ्या.

मग मोबाईलवर सगळ्या स्क्रूंचे फोटो काढा, आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारच्या बॉडीवर मिळून एक बारीक मार्करची रेघ ओढा. ही रेघ म्हणजे परतीची वाट. चुकलं तर जिथनं निघालो तिथं परत जाता येतंय. एक वही घ्या, तारीख टाका, कुठला स्क्रू किती फिरवला ते लिहा, आणि एका वेळी एकच स्क्रू. हे न पाळणारा माणूस अर्ध्या तासात अडकतोच, मी बघितलंय. मॅन्युअल समोर पाहिजेच, कारण स्टेयर, मोरिनी, वाल्थर, पार्डिनी, प्रत्येक कंपनीचे स्क्रू वेगळ्या जागी आणि फिरवायची दिशा पण वेगळी. अ‍ॅलन की चांगल्या घ्या, घासून गोल झालेली की बारक्या स्क्रूचं डोकं खाती आणि मग बसा रडत.

ट्रिगर दाबताना होतंय काय ते थोडक्यात. आधी बोट थोडं मागं जातंय, स्प्रिंगचा दाब लागतोय पण काही सुटत नाही, ती फर्स्ट स्टेज. मग बोट एका जागी अडतंय, हितनं सेकंड स्टेज. आता आत सिअर म्हणजे एक छोटी खाच आहे जिच्यावर सगळा दाब अडकलेला असतो, ती खाच निसटली की शॉट सुटला. सुटल्यावर ट्रिगर अजून जेवढा मागं जातोय तो ओव्हरट्रॅव्हल. ५०० ग्रॅम हे दोन्ही स्टेज मिळून असतंय.

सुरुवात ट्रिगरच्या पात्याच्या जागेपासून करा. बऱ्याच जणांचा प्रॉब्लेम वजनाचा नसतोच, पातंच बोटापासून लांब किंवा जवळ असतंय. ग्रिप हातात मॅचला धरतो तशी नीट धरा, डोळे झाका, बोट ठेवा. बोटाच्या पहिल्या पेराची गादी, तिचा मधला भाग पात्यावर आला पाहिजे आणि बोटाची बाकीची पेरं ग्रिपला टेकता कामा नयेत. टेकली की ट्रिगर ओढताना अख्खं पिस्टल डावीकडं ढकललं जातंय. पातं मागंपुढं सरकवता येतंय, बऱ्याच पिस्टलला तिरकं पण करता येतंय. भाचीचं पातं चार एमएम मागं घेतलं आणि तिचे डावीकडं जाणारे शॉट त्याच आठवड्यात कमी झाले, बाकी काहीच बदललं नव्हतं. सेकंड हँड पिस्टल घेणाऱ्यांनी तर हे पहिलं बघा, त्या पिस्टलमध्ये आधीच्या माणसाचं बोट बसलेलं असतंय.

त्यानंतर फर्स्ट स्टेजची लांबी. नवीन पोरांना लांब ठेवा, तीन-चार एमएम तरी. बोटाला कळलं पाहिजे की आपण चाललोय आणि आता पोचलो. फार आखूड केली की थंडीत सकाळी बधिर झालेलं बोट नुसतं टेकलं तरी थेट सेकंडवर जातंय.

मग सिअर. हितं जरा थांबा, सगळ्यात नाजूक काम हेच. खाच जास्त अडकलेली असेल तर सेकंड स्टेजमध्ये ट्रिगर घसटत घसटत जातोय, दाबतोय दाबतोय आणि अजून सुटत नाही, बोटाखाली वाळूचा कण आल्यासारखं वाटतंय. खाच फार कमी अडकली तर ट्रिगर मस्त काचेसारखा सुटतोय पण तो कधी सुटेल याचा भरवसा नाही. स्क्रू एका वेळी फक्त एक अष्टमांश फेरी फिरवायचा. प्रत्येक वेळी फिरवल्यावर कॉक करून वीस ड्राय फायर, घसटतंय का बघायचं. घसट गेली रे गेली की थांबायचं. मग टेस्ट: कॉक करायचं, ट्रिगरला हात न लावता ग्रिपच्या खालच्या बाजूला तळहातानं थापा मारायच्या, चारी बाजूनं, पंधरा-वीस वेळा. एकदा जरी आपोआप सुटलं तर खाच वाढवायची, पाव फेरी परत. इथं तडजोड नाही. रेंजवर शेजारच्या लेनमध्ये दुसऱ्याचं पोरगं उभं असतंय.

आता वजनाची वाटणी. माझं मत असं की बहुतेक भार फर्स्ट स्टेजला द्यावा, ३५०-३८० च्या आसपास, आणि उरलेला सेकंडला. म्हणजे बोट अडतंय तोपर्यंतच मोठं काम झालेलं असतंय आणि शेवटच्या १३०-१५० ग्रॅमसाठी हाताला ताण येत नाही, साईट हलत नाही. काही कोच उलटं शिकवतात, सेकंड जड म्हणजे चुकून सुटणार नाही. तुमच्या सरांना विचारा आणि त्यांचं ऐका, पण एकदा ठरवलं की सहा महिने बदलू नका. फर्स्ट स्टेज मोजायला माझी आयडिया वापरा. प्लॅस्टिकची अर्ध्या लिटरची बाटली दोऱ्यानं ट्रिगरच्या मध्यावर लटकवा, पिस्टल तसंच उभं, आणि दुसऱ्याला बाटलीत हळू हळू पाणी ओतायला सांगा. ट्रिगर सरकत सरकत जिथं अडतो तिथं थांबा. बाटली काढून किचनच्या काट्यावर ठेवा, तेवढी तुमची फर्स्ट स्टेज. नियमाचं मोजमाप नव्हे हे, फक्त आपल्याला वाटणी कळायला. पहिल्यांदा करताना भाचीनं एकदम बदाबदा ओतलं आणि पाणी पिस्टलवर सांडलं, म्हणून पिस्टलखाली टॉवेल धरा आणि घाई करू नका.

फर्स्टचा स्क्रू फिरवला की टोटल बदलतंय, सेकंडचा फिरवला तरी टोटल बदलतंय, म्हणून पाळीपाळीनं दोन-तीनदा जावं लागतंय. शेवटी डेड वेटवर परत दहा वेळा.

ओव्हरट्रॅव्हल सगळ्यात शेवटी. स्क्रू आत घेत घेत असं ठिकाण येतंय की ट्रिगर सुटतच नाही. तिथनं हळू बाहेर काढा, सुटायला लागला की तिथनं अजून अर्धी फेरी बाहेर. काही पोरं अगदी सुटण्याच्या कडेवर ठेवतात, भारी वाटतंय म्हणून. पण मग थोडी धूळ गेली की ऐन मॅचमध्ये ट्रिगर दगड होतोय. अर्धी फेरी सोडा. अजून एक, ओव्हरट्रॅव्हल जास्त असेल तर सुटल्यावर बोट धप्पकन मागं आदळतंय आणि छर्रा अजून नळीत असतानाच पिस्टल हलतंय, म्हणून फार ढिला पण नको.

सगळं झालं की स्क्रूच्या डोक्यावर नेलपेंटचा एक थेंब. लॉकटाईट, म्हणजे स्क्रू पक्के करायचा गोंद, टाकू नका, बारके स्क्रू कायमचे बसतात. नेलपेंट टोकरलं की निघतंय आणि स्क्रू ढिला झाला तर तडा गेलेला लगेच दिसतोय. भाचीनं लाल दिलंय.

आता पॉलिशचा विषय, कारण इंटरनेटवर रिव्हॉल्वरचे व्हिडिओ बघून पोरं येतात. डबल अ‍ॅक्शन रिव्हॉल्वरमध्ये एकाच ओढीत सिलेंडर फिरतो, हॅमर मागं जातो आणि सुटतो, तिथं ट्रिगर पाच किलोच्या आसपास जड असतोय, म्हणून तिकडं लोक आतले भाग घासून गुळगुळीत करतात आणि स्प्रिंग हलकी घालतात. त्यात सुद्धा मेन स्प्रिंग फार हलकी झाली की हॅमर जोरात बसत नाही आणि गोळी उडतच नाही. आपल्याकडं फायरआर्मची दुरुस्ती किंवा बदल लायसन्स असलेल्या माणसाशिवाय कोणी करायचा नाही, १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टमध्ये ते स्पष्ट आहे, त्यामुळं कुणाकडं घरात लायसन्सचं रिव्हॉल्वर असेल तर ते उघडू नका, लायसन्सवाल्या गनस्मिथकडंच द्या. आणि मॅच पिस्टलला तर हे लागूच नाही. सिअर हा हार्डनिंग केलेला भाग, बऱ्याचदा कडकपणा फक्त वरच्या पातळ थरात असतो. पॉलिश पेपर मारला की तो थर जातो, आतलं मऊ लोखंड वर येतं, खाचेचा कोन बदलतो, आणि महिन्याभरात पिस्टल आपोआप सुटायला लागतंय. केस हार्डनिंगचा जॉब ग्राइंडरवर जास्त खाल्ला की काय होतंय ते टूलरूमवाल्यांना सांगायला नको. हितं फक्त स्क्रू फिरवायचे. स्क्रूनं घसट जात नसेल तर आत घाण आहे किंवा भाग झिजलाय, भाग बदलायचा.

घाणीवरनं आठवलं. आपल्याकडं ऊस तुटला की शिवारात पाचट जाळतात, ती काळी राख खिडकीतनं घरात येते, आणि उद्यमनगर-शिरोलीकडं फौंड्रीची धूळ वेगळीच. ट्रिगरमध्ये तेल जास्त असेल तर ही सगळी धूळ तिथं चिकटून लापशी होती. ट्रिगर युनिट जवळपास कोरडं ठेवायचं. मऊ ब्रशनं झाडायचं, आणि कंपनीनं सांगितलेल्या जागी सुईच्या टोकाएवढं तेल. डब्ल्यूडी फोर्टी ट्रिगरमध्ये मारू नका, सुकल्यावर चिकट थर राहतोय. आणि सिलेंडरच्या तोंडाला, हवेच्या वाटेला कुठलंही पेट्रोलचं तेल, ग्रीस अजिबात नाही, २०० बारच्या हवेत ते पेटू शकतंय, स्फोट होतोय. सिलेंडरवर तारीख असती ती पण बघा, बहुतेक कंपन्या दहा वर्षं सांगतात. पावसाळ्यात पिस्टलच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या, महिन्याला बदलायच्या. आपला पाऊस जूनला सुरू झाला की पेटीतला फोम सुद्धा ओलसर लागतोय.

सेटिंग झाल्यावर लगेच टार्गेटवर जाऊ नका. आठवडाभर रोज पन्नास ड्राय फायर, पांढऱ्या भिंतीवर, टार्गेट नाहीच. फक्त फोरसाईट, म्हणजे नळीच्या टोकाकडची साईट, बघायची आणि सुटताना ती हलतीय का बघायचं. बोटाला नवीन जागा पाठ व्हायला एवढं लागतंयच. मग दुधाळीला रेंजवर जाऊन छर्रे मारा. तेजस्विनी सावंत, राही, आता कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे, पॅरिसला २०२४ मध्ये ब्राँझ घेतलेला, हे नेमबाज आपल्याच मातीतले, त्यामुळं पोरांना वाटतंय महागडं पिस्टल आलं की झालं. चाळीस हजाराचं सेकंड हँड पिस्टल नीट सेट करून रोज ड्राय फायर करणारी पोरं मी बघितल्यात, दोन महिन्यात त्यांचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवर छर्ऱ्यांचा पसारा, निम्म्यावर येतोय.

मॅचच्या दिवशी वही आणि वजन दोन्ही बॅगेत. प्रवासात पिस्टल हादरतंय, तापमान बदलतंय, म्हणून रेंजवर पोचल्यावर चेकिंगच्या रांगेत उभं राहायच्या आधी कोपऱ्यात एकदा स्वतः मोजून घ्या, फ्लॅग लावून, सरांना सांगून, जिथं परवानगी असेल तिथंच. त्या मॅचनंतर भाचीच्या अजून तीन मॅच झाल्या. प्रत्येक वेळी तिनं स्वतः मोजलं आणि वहीत लिहिलं. शेवटच्या मॅचचं पान आता समोर आहे, तिच्या अक्षरात: घरी ५१८, रेंजवर ५१८, मॅचनंतर ५१७.